गुन्हा दाखल आहे म्हणून परदेशी जाताच येत नाही? एलओसी (लुकआउट सर्क्युलर) आणि पासपोर्टबद्दल

समुद्रवारा

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. गेल्या वर्षी मुंबई विमानतळावर त्याच्यासोबत जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण तेव्हा आम्ही मराठीत शोध शोध शोधलं आणि हाताला काही लागलं नाही.

घरात जमिनीची भाऊबंदकी आहे. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नावं चढली. दोन वर्षांनी चुलत काकांनी पोलिसांत तक्रार दिली की संमतीपत्रावरची त्यांची सही खोटी आहे. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लावून गुन्हा दाखल झाला. त्यात वडील, मी आणि भाऊ अशी तिघांची नावं आहेत. ज्या तारखेला ती सही झाली म्हणतात, त्या तारखेला भाऊ ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जहाजावर होता. सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, तसे शिक्के आहेत.

पोलिसांची नोटीस आली तेव्हा तो सुट्टीवर होता. दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा गेला, जबाब दिला, कागद दिले. अटक झाली नाही. चार्जशीटही नाही. तपास अधिकाऱ्यांना त्याने तोंडी सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात जहाजावर जायचं आहे. ते म्हणाले, बघू.

रात्री सव्वादोनला इमिग्रेशनच्या काउंटरवर अधिकाऱ्याने पासपोर्ट मशीनवर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, पासपोर्ट उचलून पुन्हा ठेवला. मग भावाकडे न बघताच म्हणाला, "जरा बाजूला बसा." भिंतीलगतच्या खुर्चीवर तो दीड तास बसून होता. त्याच्या मागचे लोक एकेक करून शिक्का घेऊन आत गेले. शेवटी सांगितलं, तुमच्या नावावर एलओसी आहे, जाता येणार नाही. कुणी काढली? तुमच्या जिल्ह्याच्या पोलिसांनी. कारण काय? ते त्यांना विचारा. बोर्डिंग पास रद्द झाला, बॅग विमानातून उतरवली. पहाटे पाच वाजता त्याने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला. तो करार गेला तो गेलाच.

बोलावलं तेव्हा जो हजर झाला, त्याला न कळवता असं थांबवता येतं का? जाणकारांनी सांगावं. आमचं पुढे काय झालं तेही लिहीन.

---

काळा कोट

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. मी फौजदारी वकिली करतो. थोडं मुळापासून सांगतो, कारण या विषयात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पोलिसांनी पासपोर्ट ताब्यात घेणं ही एक गोष्ट, पासपोर्ट कार्यालयाने तो अडकवून ठेवणं ही दुसरी, आणि पासपोर्ट खिशात असताना विमानतळावर अडवणं म्हणजे एलओसी ही तिसरी. तिघांचे कायदे वेगळे आहेत.

१९६७ पर्यंत पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी होती. त्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, कायदा केल्याशिवाय तो काढून घेता येणार नाही. सरकारने घाईने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. म्हणजे हा कायदाच मुळात एका नागरिकाने कोर्टात भांडून सरकारला करायला लावला.

दहा वर्षांनी मनेका गांधी. जुलै १९७७ मध्ये त्यांना पत्र आलं की सार्वजनिक हितासाठी तुमचा पासपोर्ट अडकवायचं ठरलं आहे, सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारणं मागितली. उत्तर आलं की जनतेच्या हितासाठी कारणं देता येत नाहीत. २५ जानेवारी १९७८ चा सात न्यायाधीशांचा निकाल याच कारण न देण्यावरून आला. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आज आम्ही कुठल्याही कोर्टात कलम २१ वर बोलतो ते या निकालाच्या जोरावर.

आता एलओसी. ही पासपोर्ट कायद्यात शोधाल तर सापडणार नाही. गृह मंत्रालयाच्या पत्रकांवर हा सगळा कारभार चालतो. पहिलं पत्र सप्टेंबर १९७९ चं, नंतर २७ ऑक्टोबर २०१० चं, आणि सध्या २२ फेब्रुवारी २०२१ चं एकत्रित पत्रक. ज्या हक्कासाठी १९६७ मध्ये संसदेला कायदा करावा लागला, तो हक्क विमानतळावर एका खात्याच्या पत्रकाने थांबतो. मला ही गोष्ट आजही खटकते.

त्याच पत्रकात मर्यादाही लिहिल्या आहेत. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, असला पाहिजे. तो नसेल तर माणसाला अडवता येत नाही, फक्त त्याच्या येण्याजाण्याची खबर मागता येते. जिल्ह्यातून विनंती करायची तर ती पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायची. आणि इमिग्रेशन फक्त अंमलबजावणी करतं, कायदेशीर जबाबदारी विनंती करणाऱ्याची. म्हणून काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

तुमच्या भावाला लागू पडणारा निकाल म्हणजे ऑगस्ट २०१० चा दिल्ली उच्च न्यायालयाचा सुमेर सिंग सलकान. त्यात एलओसी कधी काढावी याचं उत्तर आहे: दखलपात्र गुन्ह्यात आरोपी जाणूनबुजून अटक चुकवतो आहे किंवा अजामीनपात्र वॉरंट काढूनही कोर्टात येत नाही, आणि देश सोडून जाण्याची शक्यता आहे, तेव्हा. नोटीस आल्यावर दोनदा ठाण्यात जाऊन बसलेला माणूस यात कुठे बसतो?

---

निवृत्त खाकी

मी तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची काही आर्थिक गुन्ह्यांत. दुसरी बाजूही इथे यायला हवी.

वकीलसाहेब म्हणतात ते पुस्तकात बरोबर आहे. पण विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला उडून गेला तेव्हा काय झालं आठवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच्यावर एलओसी होती, दिसल्यास अडवा अशी. नोव्हेंबरमध्ये ती बदलून फक्त खबर द्या अशी केली. नंतर सीबीआयला सांगावं लागलं की अंदाज चुकला. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला गेला, मेहुल चोक्सी ४ तारखेला, आणि बँकेची तक्रार सीबीआयकडे आली २९ जानेवारीला. त्यानंतर देशभर एकच प्रश्न, पोलीस झोपले होते का?

गुंतवणूक योजनेत पैसे बुडालेले शेतकरी, निवृत्त शिक्षक आमच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलेले असायचे. योजना चालवणारा दुबईला पोचला की ती फाइल संपली असं समजा. प्रत्यार्पणाला वर्षानुवर्षं लागतात. तपास अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. तो गेला तर माझी चौकशी होणार. अडवला आणि चुकलं तर कोर्ट एक ताशेरा मारेल. मग तो कुठला पर्याय निवडेल?

समुद्रवाराताई, तुमच्या भावाचं चुकीचं झालं, मी नाकारत नाही. पण एलओसी हे हत्यारच काढून घ्या असं कुणी म्हणू नये.

---

दुसरी बाजू

मीही एक बाजू मांडते. माझं लग्न होऊन मी परदेशात गेले होते. सात महिन्यांनी मला भारतात सोडून नवरा परत गेला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. तक्रार दिली. नोटिसा गेल्या, उत्तर नाही. वॉरंट निघालं, तरी नाही. तीन वर्षं मी तारखांना एकटी उभी राहिले.

शेवटी एलओसी निघाली. भाचीच्या लग्नाला तो पुण्यात येत होता, उतरल्यावर त्याला थांबवलं आणि कोर्टापुढे हजर केलं. त्यानंतर पहिल्यांदा त्याचा वकील उभा राहिला. हे नसतं तर माझी फाइल अजून कपाटात असती.

---

काळा कोट

दुसरी बाजू, तुमच्या प्रकरणात एलओसी अगदी जिथे हवी तिथे होती. सलकान प्रकरणही परदेशातल्या जावयावरच्या ४९८-अ च्या (विवाहितेच्या छळाच्या) गुन्ह्यातूनच आलं होतं. माणूस नोटीस, वॉरंट काही जुमानत नाही, मग दारावर थांबवण्यावाचून उपाय नाही. त्याच निकालात आरोपीलाही वाट दाखवली आहे: तपासाला हजर व्हा किंवा कोर्टापुढे शरण या, आणि मग एलओसी काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा कोर्टाकडे ती रद्द करून मागा.

खाकीसाहेब, मल्ल्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते नीट बघा. तिथे एलओसी होती, अधिकार होता, तो वापरायचा नाही असं ठरवलं गेलं. नीरव मोदी गेला तेव्हा तक्रारच नव्हती. या दोघांसाठी अधिकार अपुरा पडला असं नाही. पण त्यानंतर चाळणीची भोकं बारीक केली आणि अडकले ते लहान मासे. २०१० च्या पत्रकात एलओसी वर्षभराने आपोआप संपायची, मुदत वाढवायची तर पुन्हा मागावी लागायची. २०२१ च्या पत्रकाप्रमाणे ती काढणाऱ्याने स्वतः मागे घेईपर्यंत चालूच राहते. दर तिमाहीला आणि वर्षाला आढावा घ्यावा असं लिहिलं आहे, पण तपास अधिकारी बदलून गेला की आढावा कोण घेतो, तुम्हीच सांगा.

आणि कोर्टाने नुसते ताशेरे मारले असंही नाही. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई जानेवारी २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या महानच्या कोळसा खाणीविषयी ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला लंडनला निघाल्या होत्या, दिल्लीला त्यांना विमानात चढू दिलं नाही. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एलओसी रद्द केली आणि पासपोर्टवर मारलेला 'ऑफलोड'चा शेराही काढून टाकायला सांगितलं. कार्ती चिदंबरम यांच्यावरच्या एलओसी मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये रद्द केल्या. सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातली रिया चक्रवर्तीची २०२० ची एलओसी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केली, सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिथेही हरली. साडेतीन वर्षं एक मुलगी, जिच्याविरुद्ध त्या गुन्ह्यात चार्जशीटही नव्हतं, प्रत्येक परदेशी कामासाठी कोर्टाची परवानगी मागत होती.

---

कर्जखातं

माझ्या आईचं सांगतो. वडिलांच्या छोट्या कारखान्याच्या कर्जाला ती जामीनदार होती. वडील गेले, कारखाना बंद पडला, खातं थकलं. फौजदारी गुन्हा नाही, फसवणुकीचा आरोप नाही, फक्त थकबाकी. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई ऑस्ट्रेलियाला निघाली. एकाहत्तर वर्षांची बाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. बँकेच्या सांगण्यावरून तिला थांबवलं. लाडू तिने परत आणले आणि कुणालाच खाऊ दिले नाहीत.

हे आता बदललंय ना?

---

काळा कोट

बदललंय, आणि ते मुंबईतच बदललं. २०१८ मध्ये पत्रकात एक पोटकलम घुसवलं होतं, सरकारी बँकांच्या अध्यक्षांना आणि व्यवस्थापकीय संचालकांना एलओसी मागता येईल असं. एप्रिल २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि त्याखाली काढलेल्या एलओसी रद्द केल्या. मला त्यातला एक साधा मुद्दा फार भावला: सरकारी बँकेचं कर्ज थकलं तर अडवता येतं आणि खासगी बँकेचं थकलं तर नाही, मग यात देशाचं आर्थिक हित नेमकं कुठे आलं? वसुली करणारा स्वतःच न्यायाधीश होऊन समोरच्याला देशात कोंडून ठेवू शकत नाही. अर्थात कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने स्वतंत्र मनाई केली असेल तर ती तशीच राहते. आईच्या प्रकरणात तशी काही ऑर्डर आहे का ते आधी तपासा.

---

जर्सीकर

माझं वेगळं आहे. अटकपूर्व जामीन मिळाला, पण अट घातली की परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, पासपोर्ट ठाण्यात जमा करायचा. नोकरी तिकडे अमेरिकेत, मुलं शाळेत, ग्रीन कार्ड. खूप दिवस बाहेर राहिलो तर तेही धोक्यात. दोन महिन्यांपासून पुण्यात अडकलो आहे. खालच्या कोर्टाने एकदा नाही म्हटलं. आशा आहे का?

---

काळा कोट

आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण होतं, ठाण्याकडचं. मुखत्यारपत्राच्या खोटेपणाचा आरोप, आरोपी वर्षानुवर्षं अमेरिकेत राहणारा ग्रीन कार्डधारक, उच्च न्यायालयाने परवानगी नाकारलेली. न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने आठ आठवड्यांसाठी जाऊ दिलं. जामिनाची अट तिच्या हेतूच्या प्रमाणात हवी, ती शिक्षा होऊ नये, हा त्यातला गाभा. तपास आणि खटला नीट चालावा यासाठी अट असते, तेवढ्यापुरतीच.

अर्ज करताना "मला जायचं आहे" एवढंच लिहू नका. जाण्याची आणि परतीची तारीख, तिथला पत्ता, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेचं पत्र, याआधी किती वेळा भारतात येऊन गेलात ते पासपोर्टच्या पानांवरून दाखवा. इथे घर, आईवडील असतील तर तेही. परत याल याची खात्री कोर्टाला अशा कागदांवरून पटते. रक्कम भरायची तयारी ठेवा, कार्ती चिदंबरम यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दहा कोटी भरायला लावले होते. सामान्य माणसाला अर्थात त्याच्या ऐपतीप्रमाणे सांगतात.

आणि एक विचारतो. पासपोर्ट जमा करा हे कोर्टाच्या आदेशात आहे की पोलिसांनी आपणहून घेतला?

---

जर्सीकर

आदेशात फक्त "परवानगीशिवाय देश सोडू नये" एवढंच आहे. आता नीट वाचलं. पासपोर्ट ठाण्यातल्या साहेबांनी त्याच दिवशी ठेवून घेतला, पावतीही दिली नाही.

---

काळा कोट

मग आधी पावती मागा, लेखी. सुरेश नंदा प्रकरणात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पोलीस पासपोर्ट जप्त करू शकतात, पण अडकवून ठेवू शकत नाहीत. तो अधिकार पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याचा, तोही कारणं लेखी नोंदवून आणि तुमचं म्हणणं ऐकून. पोलिसांना वाटत असेल तर त्यांनी तो पासपोर्ट कार्यालयाकडे पाठवावा. तपास अधिकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये महिनोन्महिने पडून राहणं कुठल्याच कायद्यात बसत नाही.

---

निवृत्त खाकी

हे मात्र खरं आहे, आणि आमच्या खात्यात बऱ्याच जणांना आजही हा फरक माहीत नाही. पंचनाम्यावर नोंद नसलेला पासपोर्ट ठेवणं ही चूकच. जर्सीकर, ठाण्यात वाद घालू नका, उपअधीक्षकांना अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

अबोली

मी मडगावहून. नवरा जहाजावर, त्याच्यावर मारामारीचा एक जुना एफआयआर आहे. पासपोर्ट नूतनीकरणाला गेलो तर पोलीस पडताळणीत शेरा आला आणि फाइल अडकली. एफआयआर असला की पासपोर्ट मिळतच नाही असं एजंट सांगतो.

---

काळा कोट

एजंटचं ऐकू नका. कलम ६(२)(फ) मध्ये शब्द आहेत ते फौजदारी न्यायालयापुढे कार्यवाही प्रलंबित असल्याचे. परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकातच लिहिलं आहे की नुसता एफआयआर किंवा चालू तपास यात मोडत नाही, कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतलेली हवी. चार्जशीट होऊन दखल घेतली गेली असेल तरीही वाट बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे खटला चालू असलेल्या कोर्टाची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो. परवानगीत किती वर्षांसाठी ते आवर्जून लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर एकाच वर्षाचा मिळतो, आणि जहाजवाल्यांना तो जवळपास निरुपयोगी.

---

समुद्रवारा

सगळ्यांचे आभार. आमचं पुढे काय झालं ते लिहिते.

आधी पोलीस अधीक्षकांना अर्ज दिला. सोबत दोन्ही नोटिसा, हजर झाल्याच्या तारखा, सीडीसीच्या पानांच्या प्रती. पाच आठवडे उत्तर नाही. मग उच्च न्यायालयात रिट याचिका. तेव्हा ती मुंबईत केली. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकांना आता तिकडे जावं लागतं, ते जवळच आहे.

पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रात एकच वाक्य कामाचं होतं, आरोपी परदेशी गेल्यास परत येणार नाही अशी शक्यता आहे. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, नोटीस दिल्यावर हा हजर झाला होता का? सरकारी वकील मागे वळून तपास अधिकाऱ्यांकडे बघायला लागले. अधिकारी म्हणाले, हो, दोनदा. मग शक्यता कशावरून? याला उत्तर आलं नाही. पुढच्या तारखेला पोलिसांनीच एलओसी मागे घेतो असं सांगितलं. भावाने हमीपत्र दिलं की तपासाला हवा असेल तर पंधरा दिवस आधी ईमेलवर कळवलं की येईन, आणि कुठल्या जहाजावर आहे ते कळवत राहीन.

आदेश झाल्यावरही आमचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण कोर्टात रद्द आणि स्क्रीनवर चालू असं होऊ शकतं असं वकिलांनी सांगितलं होतं. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत अधीक्षक कार्यालयात आणि इमिग्रेशनला दोन्हीकडे दिली, पोच घेतली, आणि पोलिसांनी मागे घेतल्याचं पत्र पाठवल्याचा जावक क्रमांकही मागून घेतला. तो मिळायला अकरा दिवस लागले.

खाकीकाका, तुमचं पटतं की पळणारे पळतात. माझी मागणी एवढीच आहे की जो ठाण्यात येऊन बसतो त्याला सांगा. "तुझ्यावर एलओसी काढत आहोत, तुझं काय म्हणणं आहे?" हा एक प्रश्न त्या दोन भेटींपैकी एकीत विचारला असता तर तिथेच सीडीसी दाखवून झाली असती. जो नोटिशीला दाद देत नाही त्याला नका सांगू.

---

कर्जखातं

ताई, भाऊ आता कुठे आहे?

---

समुद्रवारा

दुसऱ्या कंपनीत लागला, एक पायरी खाली, थर्ड इंजिनिअर म्हणून. निघाला त्या रात्री मी आणि वडील विमानतळाच्या बाहेर थांबलो होतो. त्याने सांगितलं होतं, शिक्का बसला की मिस्ड कॉल देतो. कागदांची फाइल हातात घेऊन गेला होता, ती कुणी मागितलीच नाही. अडीचला मिस्ड कॉल आला. वडिलांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि त्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.